वालाची पानं वाटीसारखी का वळली?

भात झोडून झालं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळाभर करपा आणि तुडतुडे. दिवाळीनंतर वाल, हरभरा, मूग. यंदा बरीच पत्रं गवताच्या औषधाबद्दल आहेत, म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले, नोकरीची वर्षं शहापूर-मुरबाडच्या खाचरांत गेली. आता राहते ठाण्यात नौपाड्याला, पण मुरबाडची सासरची दीड एकर अजून आम्हीच कसतो. खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्या दीड एकरात शिकले.

ताई, नमस्कार. शहापूर तालुक्यात माझी सव्वा एकर खाचरं आहेत. भात काढून कडवे वाल टोकले. महिन्याचं पीक झालं, मावा दिसला म्हणून निंबोळी अर्क मारला. आठ दिवसांत शेंडे वाकडे झाले, नवी पानं वाटीसारखी वळली. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, उपटून टाका. गावातले म्हणतात, भातात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतंस ना, त्यानं जमीन मेली. खरं काय?

दादा, उपटू नका. आधी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बांधावर उभे राहा आणि कुठली झाडं वळली आहेत ते नीट बघा. व्हायरस शेतात विखरून येतो. इथे एक झाड, तिथे दोन, मध्ये दहा झाडं निरोगी. पानांवर पिवळे-हिरवे डागही दिसतात. तुम्ही फवारत गेलात त्याच रांगेनं झाडं वळली असतील, पहिल्या टाकीच्या जागी जास्त आणि पुढच्या टाक्यांना कमी कमी होत गेली असतील, तर दोष पंपाचा आहे. त्याच पंपातून पावसाळ्यात टू-फोर-डी मारलं होतं का?

हे मी इतक्या ठामपणे विचारते, कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. भातातल्या रुंद पानांच्या तणांवर जुलैअखेर औषध मारलं, पंप दोनदा विसळून पडवीत टांगला. डिसेंबरात त्याच पंपानं वालावर निंबोळी अर्क मारला. सहाव्या दिवशी पहिल्या चार वाफ्यांतला प्रत्येक शेंडा शेळीच्या शिंगासारखा वळलेला. पानाच्या शिरा एकमेकींना चिकटून आलेल्या, खोड जाड आणि ठिसूळ. पाचव्या वाफ्यापासून त्रास कमी, दहाव्यात काहीच नाही. वास नव्हता, रंग नव्हता. रबरी नळीच्या आतल्या अंगाला जे चिकटून राहिलं होतं तेवढंच पुरलं. माझ्या सासूबाई त्या वर्षी बिरड्यासाठी वाल विकत आणायला लागल्या, ते मी विसरलेले नाही.

टू-फोर-डी हे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. गवतवर्गीय पिकं, म्हणजे भात, गहू, ज्वारी, योग्य वयात मारलं तर ते सोसतात. रुंद पानांची झाडं मात्र वेडीवाकडी वाढून मरतात. वाल, मूग, चवळी, हरभरा ही सगळी रुंद पानांची. त्यामुळे भातात जे औषध माका किंवा केन्यावर चालतं तेच वालावर विष ठरतं, आणि त्याला फार थोडं पुरतं.

आता गावकऱ्यांच्या म्हणण्याकडे. ओलसर, उबदार जमिनीत जिवाणू टू-फोर-डी भराभर मोडतात. निम्मं संपायला साधारण दहा दिवस लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये शिफारशीइतकं मारलेलं औषध नोव्हेंबरच्या वालाला त्रास देण्याइतकं जमिनीत उरत नाही. तुमची जमीन मेलेली नाही. मनात शंका राहिलीच तर दोन कुंड्या घ्या. एकीत खाचराची वरची चार बोटं माती, दुसरीत बांधाच्या कडेची, जिथे औषध कधी गेलं नाही तिथली. दोन्हींत काकडीचे आणि मोहरीचे दहा-दहा दाणे पेरा. दोन आठवड्यांत दोन्ही कुंड्या सारख्या दिसल्या तर त्या मातीत ही नाजूक पिकं दुखावण्याइतकं औषध नाही. ही चाचणी आमच्या गॅलरीतही होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

पंप असा धुवा: उरलेलं औषध पूर्ण काढा, तीन वेळा स्वच्छ पाण्यानं विसळा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकी, नळी आणि नोझलपर्यंत भरून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा विसळा. विसळलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. पण खरा उपाय वेगळाच पंप. आम्ही त्या वर्षानंतर जुना पंप लाल रंगवून फक्त तणनाशकाला ठेवला. तुमच्या गावात पंप मागून आणायची पद्धत असेल, तर मागताना आधी त्यातून काय मारलं होतं हे विचारा.

वळलेली पानं सरळ होणार नाहीत. दोन-तीन आठवड्यांत नवी फूट कशी येते ते बघा. ती सरळ आली तर पीक उशिरा का होईना शेंगा धरेल. टॉनिकवर खर्च करू नका. ओल असेल तर एक हलकी कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवून तण काढा, त्याचा जास्त उपयोग होईल.

मुरबाडजवळ हरभरा केला आहे. चुलतभाऊ मराठवाड्यात सोयाबीन करतो. तो म्हणाला, सोयाबीनमध्ये मारतो ते इमॅझेथापायर तणनाशक हरभऱ्यातही मार, दोन्ही कडधान्यंच आहेत. मारू का?

मारू नका. सोयाबीन, मूग, उडीद ही पिकं इमॅझेथापायर स्वतःच्या शरीरात लवकर मोडून निष्प्रभ करतात, म्हणून त्यांत ते चालतं. हरभरा तेवढ्या वेगानं मोडू शकत नाही. शेंडे पिवळे पडतात, वाढ खुंटते, फुलोरा लांबतो आणि मग घाटे उन्हात सापडतात. आपल्याकडे फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं, तेव्हा पंधरा दिवस मागे पडलेला हरभरा पुढे सावरत नाही.

हे औषध मातीतही महिना-दीड महिना, कधी तीन महिन्यांपर्यंत टिकतं, आणि थंड-कोरड्या जमिनीत आणखी रेंगाळतं. म्हणून त्याच्या मागोमाग मोहरी, पालेभाजी किंवा ज्वारी घेणाऱ्यांना फटका बसतो. चुलतभावाला हे नक्की सांगा. तो सोयाबीननंतर काय घेतो ते मला माहीत नाही, पण त्याच्या कामाची गोष्ट आहे.

हरभऱ्यात पेरणीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत, जमीन ओली असताना, पेंडीमेथॅलिन ३० ई.सी. एकरी एक ते सव्वा लिटर, दोनशे लिटर पाण्यात. ते उगवत्या तणाच्या कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी विभागू देत नाही, म्हणून उगवून वर आलेल्या तणावर त्याचा उपयोग नाही. फ्लॅट फॅन नोझल वापरा, मागे मागे चालत मारा, फवारलेली जमीन तुडवू नका. दाणा चार-पाच सेंटिमीटर खोल पडला पाहिजे. उथळ पेरलेल्या दाण्याला हेच औषध लागतं. उगवणीनंतर फक्त गवतवर्गीय तण उरलं असेल तर क्विझालोफॉप इथाइल हा पर्याय आहे, पण लव्हाळा आणि रुंद पानांच्या तणांना ते काहीही करत नाही. कुठलंही औषध घेताना डब्यावरच्या पत्रकात तुमच्या पिकाचं नाव आहे का ते वाचा. नसेल तर डबा परत द्या, दुकानदार कितीही आग्रह करो.

तरीही माझं मत विचाराल तर भातानंतरच्या ओलीवर घेतलेल्या हरभऱ्याला आणि वालाला बहुतेक वर्षी औषधाची गरजच नसते. वरची माती लवकर सुकते, त्यामुळे तण कमी उगवतं. पेंडीमेथॅलिनला वरच्या थरात ओल लागते, आणि नेमकी तीच नसते. भाताच्या धसकटांवर आणि पेंढ्यावर पडलेलं तर वायाच जातं. तीस सेंटिमीटरच्या ओळीत टोकण केली आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी एक कोळपणी दिली, तर तणही जातं आणि भेगा बुजून ओलही टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपली माणसं म्हणतात ते ह्यासाठीच. बियाणं फोकून देणाऱ्याला कोळपता येत नाही, मग तो औषधाकडे वळतो. म्हणून मी दर वर्षी ओळीचा आग्रह धरते.

ताई, आमच्या बचत गटात वाद झाला. अर्ध्या जणी म्हणतात तणनाशकानं जमीन नापीक होते, जिवाणू मरतात. बाकीच्या म्हणतात मजुरी परवडत नाही, औषधाशिवाय शेती होणार नाही. तुम्ही कोणाच्या बाजूच्या? (अंबरनाथ तालुका)

मजुरीचं दुखणं मला कळतं. निंदायला बाई मिळत नाही आणि मिळाली तर तिचे हात चार ठिकाणी बांधलेले असतात. कडधान्यात पहिले तीस ते चाळीस दिवस फार नाजूक असतात. त्या काळात तण राहिलं तर पुढे कितीही निंदा, उतारा भरून निघत नाही. म्हणून औषध वापरणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही.

जिवाणूंचं म्हणाल तर शिफारशीच्या मात्रेत औषध मारल्यावर जमिनीतल्या जिवाणूंची संख्या पहिले काही दिवस घटते आणि काही आठवड्यांत पुन्हा वर येते, असं आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगांत दिसतं. अनेक जिवाणू तर हीच औषधं खाऊन मोडतात. मात्रा दुप्पट केली की हे गणित बिघडतं. आणि मात्रा दुप्पट होते ती बहुतेक वेळा नकळत: एकरासाठीचं औषध अर्ध्या एकरात संपतं, वाफ्याच्या कोपऱ्यावर फवारा दोनदा फिरतो, डब्याच्या झाकणानं माप घेतलं जातं. मोजायला काचेचा किंवा प्लास्टिकचा मापाचा पेला वेगळा ठेवा. आधी नुसतं पाणी भरून एक गुंठा फवारा, किती लागलं ते बघा, मग औषधाचा हिशोब करा. गटातल्या मुलींपैकी कोणी दहावी झालेली असेल तर तिच्याकडे हे काम द्या.

कडधान्यात मात्र मला जिवाणूंची एक जात फार जवळची वाटते, रायझोबियम. तो मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतो. कडधान्यानंतरचं पीक चांगलं येतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. औषधानं झाडाचं मूळच खुंटलं तर गाठी धरायला जागा उरत नाही. त्यामुळे जमीन मेली की जिवंत आहे, ह्यावर भांडण्याऐवजी गाठी बघा, असं मी म्हणेन.

दर वर्षी औषध माराल त्या शेतात एक पट्टी, दोन गुंठ्यांची का होईना, औषधाशिवाय ठेवा. ती हातानं निंदा. पीक तीस-पस्तीस दिवसांचं झालं, फुलावर यायच्या आधी, दोन्हीकडची पाच-पाच झाडं फावड्यानं मातीसकट काढा. उपटू नका, उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत पाण्यात हलवून माती सुटू द्या. मग गाठ नखानं चिरून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच एका द्रव्याचा असतो. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच बसली आहे. औषधाच्या पट्टीत गाठी कमी आणि फिकट दिसल्या तर मात्रा, वेळ किंवा औषध चुकतं आहे. दोन्हीकडे सारख्याच गुलाबी असतील तर त्या शेतात त्या औषधानं गाठींना धक्का दिलेला नाही. दोन्हीकडे गाठीच नसतील तर प्रश्न औषधाचा नाहीच. बियाण्याला रायझोबियम लावा, दहा किलोला अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट. बुरशीनाशक आधी, रायझोबियम शेवटी, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी.

मला औषधाची जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच कारणानं. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला न जुमानणारं तण निवडून निवडून वाढतं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या फॅलॅरिस मायनर ह्या गवतानं आयसोप्रोट्युरॉन ह्या तणनाशकाला दाद देणं बंद केलं, ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या शेतकऱ्यांना शेवटी औषधही बदलावं लागलं आणि पेरणीची पद्धतही. आपल्याकडे नुसतं गवत मारणारं औषध सतत वापरलेल्या शेतात मी केना आणि लव्हाळ्याचं राज्य झालेलं बघितलं आहे. केन्याचं कांडं तुटून ओल्या जमिनीवर पडलं की पुन्हा रुजतं. लव्हाळ्याची गाठ खाली बसलेली असते. गटातल्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी एकाच शेतात, एका वर्षी औषध आणि पुढच्या वर्षी कोळपं असं करून बघावं. फेब्रुवारीत मी मुरबाडला असते. तुमच्या गाठी घेऊन या, माझ्या आणते, शेजारी शेजारी ठेवून बघू.

मी वाशीच्या दाणाबाजारात काम करतो. गिऱ्हाईक विचारतं, परदेशी मसुरात तणनाशक असतं का? काय सांगू?

खरं आहे तेच सांगा. कॅनडासारख्या थंड देशांत मसूर एकसारखा वाळावा आणि तण सुकावं म्हणून कापणीआधी ग्लायफोसेट हे तणनाशक मारण्याची पद्धत आहे, त्यामुळे दाण्यात अंश राहू शकतो. मसुरासाठी कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, कमाल मर्यादा किलोला पाच मिलिग्रॅम आहे, आणि २०१८ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आयात डाळींसाठी तीच धरायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं. पुढच्याच वर्षी अन्नातल्या अंशांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ गटानं आहारातून धोका संभवत नाही असं म्हटलं. पहिल्यांनी पदार्थाचा मूळ गुण पाहिला, दुसऱ्यांनी ताटात येणारी मात्रा. गिऱ्हाइकाला दोन्ही सांगा.

आणि देशी म्हणजे निर्धोक असंही सांगू नका. मध्य प्रदेशात उन्हाळी मूग लवकर वाळवायला कापणीआधी पॅराक्वाट हे तणनाशक मारतात. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, हे फवारणाऱ्या माणसाला कोणी सांगतं की नाही ह्याची मला फार काळजी वाटते. तुमच्या ओळखीचे व्यापारी तिकडून माल घेत असतील तर त्यांनी न फवारलेला मूग मागावा. मागणी आली की शेतकरी ऐकतो.

माहेर मुरबाडचं, राहते घणसोलीला. लहानपणी बांधावर भांबुर्डा असायचा, पोपटीला, म्हणजे मडक्यात पाल्यासकट शिजवलेल्या शेंगांना, तोच लागायचा. ह्या वर्षी भावाकडे गेलो तर बांध करपलेले. टाकळा नाही, कुर्डू नाही, भांबुर्डा नाही. भाऊ म्हणतो, तण बांधावरून शेतात येतं म्हणून मारलं. ताई, त्याचं बरोबर आहे का? आणि बाजारातल्या रानभाज्या तरी खाव्यात का?

तुमचं पत्र वाचून मलाही आमचा बांध आठवला. वालाच्या शेंगा, मडकं, आणि भांबुर्ड्याचा तो उग्र वास. दुसऱ्या पाल्यात शिजवलेली पोपटी मला पोपटी वाटतच नाही.

भावाचं अर्धं बरोबर आहे. बांधावरच्या तणाचं बी शेतात येतं. पण त्यासाठी फुलावर यायच्या आधी विळ्यानं कापलं तरी पुरतं. मुळं राहिली पाहिजेत. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुळं मेलेला बांध पहिल्या-दुसऱ्या मोठ्या सरीत खचतो आणि खाचराचं पाणी निघून जातं. बांध पुन्हा घालायला किती दिवस जातात ते भावाला विचारा. शिवाय बांधावर बहुधा ग्लायफोसेट मारतात, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता ठेवण्याचा आदेश काढला होता. वारा असताना ते शेजारच्या वालावर उडालं तर वालही जातो, कारण ते तण आणि पीक असा भेद करत नाही.

रानभाज्या जरूर खा. ठाण्याच्या बाजारात जुलैत टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांना मी नेहमी विचारते, कुठून खुडली. डोंगरावरची म्हणाल्या की निर्धास्त घेते. ग्लायफोसेट पानातून झाडाच्या आत जातं, धुऊन निघत नाही, आणि झाड पिवळं पडायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर पान हिरवंगारच दिसतं. म्हणून शेताच्या बांधावरची भाजी असेल तर औषध मारलं होतं का एवढं विचारा. त्या बायका खोटं बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

भांबुर्डा परत आणायचा असेल तर एक बांध औषधाशिवाय सोडायला भावाला सांगा. त्याचं बी वाऱ्यावर येतं. दोन हंगाम वाट बघा. तोवर पाला लागला तर आमच्या बांधावर आहे, जानेवारीत या, सोबत मडकं आणा.